शरणप्पाचा अंगठा

दुखत नाही म्हणजे काही झालेलं नाही, हा शरणप्पाचा ठाम सिद्धांत. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेत हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं, पण ऐकेल तर तो शरणप्पा कसला! सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा गडी. ती उंचच उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलत वीस वर्षं अनवाणी चालला. गेल्या संक्रांतीला गौरम्माला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा नवऱ्याच्या अंगठ्याखाली खडा रुतलेला होता आणि याला पत्ताच नव्हता.

उन्हाळा आला तरी जखम भरेना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचंच रक्त काढून यंत्रात फिरवू आणि त्यातला पिवळा भाग जखमेत सोडू. कुणाची भरते, कुणाची नाही. नाही भरली तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेलच असं नाही."

नळीत वर साचलेलं ते चमचाभर पिवळं पाणी बघून गौरम्माला रडूच फुटायचं बाकी होतं. एवढ्याशावर नवऱ्याचा पाय टिकायचा होता. ते जखमेत सोडून पट्टी बांधल्यावर बाईंनी बजावलं, "आठवडाभर पट्टीला पाण्याचा थेंब लागता कामा नये." तिनं मान डोलावली.

रिक्षा शुक्रवार पेठेत घरापुढं थांबली. शरणप्पा कुबडी टेकत उंबऱ्याशी आला आणि तिथंच घात झाला. यात्रेआधी काठीचा सराव करून नवरा अनवाणी दारात आला की गौरम्मा आधी त्याच्या पायांवर पाणी ओतायची, मगच आत घ्यायची. हात सवयीनं तांब्याकडं गेला. पट्टी चिंब झाली तेव्हा कुठं ती भानावर आली.

"अय्यो, काय केलं वो मी हे!"

"गप की. पंख्याखाली वाळंल. दुखत न्हाय मला."

"त्याचंच तर भ्या वाटतंय मला!" ती किंचाळली आणि तिनं तीच रिक्षा माघारी वळवली.

बाई रागावल्या, पण लगेच आलात ते बरं केलंत, असंही म्हणाल्या. जखम धुऊन त्यांनी नवी पट्टी बांधली. रक्त पुन्हा काढावं लागणार होतं. त्यानंतर दर खेपेला पट्टी उलगडताना गौरम्मा जखमेकडं बघायचीच नाही, बाईंच्या चेहऱ्याकडं बघायची. आपल्या एका तांब्यानं नवऱ्याचा पाय जाणार, ही धास्ती तिच्या मनातून जाईना.

दिवाळीच्या तोंडावर बाई हसल्या. जखम भरली होती. "पण यापुढं अनवाणी चालायचं नाही. काठी तर नाहीच," त्या म्हणाल्या. घरी आल्यावर शरणप्पानं कमरेचा पट्टा गुंडाळून ठेवून दिला.

संक्रांतीला मिरवणूक दारावरून आली. त्याची काठी आता शेजारच्या जोतिरामकडं होती. ती दुसऱ्याच्या हाती देऊन जोतिराम दम खायला उंबऱ्यापाशी थांबला. गौरम्मानं घागर उचलली, तर मऊ बूट घातलेल्या शरणप्पानं ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतः जोतिरामच्या अनवाणी पायांवर पाणी ओतलं.

"तळवा दाव."

"का वो आप्पा?"

"दाव म्हनतो न्हवं!"

पाय मांडीवर घेऊन त्यानं तळव्यावरून बोट फिरवलं. टाचेजवळ जोतिरामनं झटकन पाय ओढला. "आई गं! दुखतंय की!"

"दुखतंय न्हवं?" टाचेतला खडा नखानं काढताना शरणप्पाचे डोळे भरून आले. "लई ब्येस हाय बाबा. लई ब्येस."