एकदाच तुटणारा डोंगर

मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, पण इंदूरला आमच्या मिलची झांकी मीच करायचो. झांकी म्हणजे अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत गाडीवर निघणारा हलता देखावा. रावणाचं डोकं उडायचं, परत बसायचं. सगळं माझ्या हातचं. आदल्या वर्षी पहिलं बक्षीस दुसऱ्या मिलने नेलं होतं. ते मला परत आणायचं होतं, बस.

त्यात गणपती कमिटीने कॉलेजातले एक प्रोफेसर माझ्या डोक्यावर आणून बसवले. ते दक्षिण ध्रुवाच्या बर्फाचा अभ्यास करायचे. इथे, इंदुरात बसून! म्हणे, तिथला बर्फ तुटून वितळला तर समुद्र चढेल, हे लोकांना दाखवा. ठीक. मी कापसाचा डोंगर रचला, खाली निळं कापड, आत मोटर. डोंगर दुभंगायचा, परत मिटायचा. काय दिसायचा!

प्रोफेसरांनी कपाळाला हात लावला. "मिस्त्री, तुटलेला बर्फ परत जुळत नाही हो!"

"साहेब, झांकी आहे. प्रत्येक चौकात नवी पब्लिक असते."

"मग हे खोटं झालं."

"आणि रावणाचं डोकं खरं होतं?"

चार दिवस हेच. शेवटी ते म्हणाले, "जाऊ द्या, तुटून तसंच राहणारं काही तुम्हाला जमणार नाही."

मला? जमणार नाही? रागारागात मोटर काढली आणि खिट्ट्या बसवल्या. दर चौकात एक खिट्टी ओढायची, एक कडा निळ्या कापडात गडप. परत वर येणे नाही.

परीक्षक बसतात पार मिरवणुकीच्या शेवटाकडे, कृष्णपुऱ्याला, हे त्या रागात माझ्या डोक्यातूनच गेलं.

तिथे पोचलो तर गाडीवर नुसतं निळं कापड. गर्दीतून कोणी ओरडलं, "ओ भिया, झांकी घर भूल आए क्या?" परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. आणि आमचे प्रोफेसर माझा हात धरून म्हणताहेत, "हेच! अगदी हेच दाखवायचं होतं!"

कोणाला, साहेब? ज्यांनी डोंगर पाहिला ते मिलच्या फाटकापाशी राहिले. आणि इथल्यांना डोंगर होता हेच माहीत नाही.

बक्षीस गेलं. दुसऱ्या दिवशी कमिटीवाले आले. "मिस्त्री, डोंगर जोडून ठेवा, पुढच्या साली चालवू."

मी कापूस उचलून गोदामात टाकला.

"जुळत नाही तो," म्हटलं. "प्रोफेसरांना विचारा जाऊन."