मडकी बदलली, माणसं कुठे गेली?

मला वादात हरता येत नाही. लहानपणी पत्त्यांत हरलो की पत्ते फाडायचो, असं आई सांगायची. पुढे प्राध्यापक झालो तेव्हा फाडायला पत्ते नव्हते, एवढाच फरक. कर्जतच्या एका कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. मूळचा मी घाटावरचा. नोकरीमुळे खाली उतरलो, खालापुरात खोली मिळाली आणि तिथलाच झालो, निदान मला तसं वाटायचं.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी पाण्याचं पिंप घ्यायला एस.टी. स्टँडजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, कोकणी मुसलमान. त्याच्या आज्याच्याही आधीपासूनची माणसं याच भागातली. माझ्या काखेत एक जाडजूड पुस्तक होतं, युरोपातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या संस्कृतींवरचं. त्यातली मडक्यांची चित्रं बघून त्यानं पिंप बाजूला ठेवलं आणि पुस्तकच ओढून घेतलं. एका पानावर एका घडणीची मडकी होती, पुढच्या पानावर एकदम निराळी, दोरीचे ठसे उमटवलेली.

"ह्ये असं एकदम कशानं झालं?" त्यानं विचारलं.

वर्गात सांगतो तेच मी सांगितलं. जमीन खणत गेलं की एका थरापर्यंत नवी भांडी सापडतात, त्याखाली जुनी. मेलेल्याला पुरायची पद्धतही त्याच सुमाराला बदललेली दिसते. म्हणजे नवे लोक आले आणि जुने हटले.

तो खो खो हसला. "मडकी बदलली म्हनून मानसं बदलली का रं? इथं बस नि बघ."

पहिल्याच भेटीत त्यानं मला 'रं' म्हटलं. राग यायला हवा होता, पण बरं वाटलं. घाटावरून आल्यापासून मला तशी कुणी हाक मारली नव्हती.

त्याचं म्हणणं त्याच्या धंद्यातून आलेलं होतं. त्याच्या बापानं मातीची मडकी विकली, मग जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पातेली, मग त्यानं स्टील आणलं, आणि आता वाड्यावस्त्यांवरचे लोक रसायनीच्या कारखान्यांतून निघालेले निळे ड्रम पाणी भरायला नेत होते. "गिऱ्हाईक त्येच हाय," तो म्हणायचा. "आजी मडकं घेऊन गेली, नात ड्रम घेऊन गेली. उद्या कोन खनंल आनि म्हनंल, निळ्या ड्रमवाले कुठून तरी आले नि मडकीवाल्यांना मारून टाकलं!"

मीही काही कमी नव्हतो. मी त्याला हायवेपलीकडच्या टेकड्या दाखवायचो. मुंबईची माणसं आली, फार्महाउसं झाली, आणि वाडीतली माणसं आपल्याच जुन्या जमिनीवर वॉचमन म्हणून उभी राहिली. माणसं येतात आणि हटवतात, डोळ्यांदेखत. यावर तो दुसऱ्या दिवशी जुनी मडकी बदलण्याचं काहीतरी निराळं कारण शोधून आणायचा. दुष्काळ पडला असेल. साथ आली असेल. पोरी लग्न करून जाताना मडकं घडवायची रीत घेऊन गेल्या असतील.

कॉलेजातून परतताना मी रोज तासभर त्याच्याकडे बसायचो, काउंटरच्या आत, त्याच्या शेजारच्या स्टुलावर. गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर नावं घालायचं काम तो स्वतः करायचा. मशीन घरघरत असायचं आणि मुद्दा सुचला की थांबायचं. एकदा आमची इतकी जुंपली की एका लग्नाच्या कळशीवर त्यानं मामाच्या नावाऐवजी 'युरोप' घातलं. मामाकडचे लोक चांगलेच उखडले. त्यांना दुसरी कळशी देऊन तो माझ्याकडे बघत डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता. अशी चौदा-पंधरा वर्षं गेली.

त्याची थोरली मुलगी बारावीनंतर आमच्याच कॉलेजात आली. बापाची आणि माझी भांडणं ऐकत वाढलेली, तिला इतिहासच घ्यायचा होता. ती पहिल्या वर्षाला असताना मीच ठरवलं की हा वाद वर्गासमोर करायचा. तो आधी नको म्हणत होता. "मी दुकानदार मानूस, पोरं हसतील." पण लेकीच्या हट्टापुढे त्याचं काही चाललं नाही.

तो टेंपो भरून भांडी घेऊन आला. मातीचं, पितळेचं, जर्मनचं, स्टीलचं, शेवटी निळा ड्रम, अशी ओळीनं मांडली आणि एकेका भांड्याची गोष्ट सांगू लागला. पोरं बाकांवरून पुढे वाकून ऐकत होती. इतकी वर्षं मी नकाशावर स्थलांतरांचे बाण काढले, पण असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी पुस्तकातलं बोललो. मागे दोघं जांभया देत होते. मला घाम फुटला. मी हरत होतो, माझ्याच वर्गात, एका भांडेवाल्याकडून. हो, त्या क्षणी मनात 'भांडेवाला' हाच शब्द आला, मित्र हा नाही.

एका मुलानं त्याला विचारलं, "मग बाहेरून कोणी आलंच नाही का?"

"आलं आसंल की," तो म्हणाला. "येनारा येतो, पन राहतो त्यो इथलाच होतो. मग बाहेरचा कुनाला म्हनायचं?"

आणि मी खुर्चीतून उठून, हसत, मोठ्यानं म्हणालो, "बाहेरून आलेली माणसं असंच म्हणणार!"

वर्गात हशा उसळला. टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा. शेवटी मला माझा वर्ग परत मिळाला होता. तो टाळ्यांचा आवाज मला दोन क्षण गोड लागला, हे मी लपवणार नाही. मग मागच्या बाकावर नजर गेली. त्याची मुलगी खाली मान घालून बसली होती आणि तिच्या शेजारची पोरगी तिच्याकडे बघून हसत होती.

तो ओळीपाशी वाकला. भांडी एकात एक घालू लागला. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "राहू द्या, सर. टेंपोवाला खोळंबलाय."

बाहेरून आलेला मी होतो. घाटावरून, ट्रंक घेऊन, ज्याला त्या गावात पहिल्यांदा त्यानं 'रं' म्हणून जवळ केलं तो मी.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा दुकानात गेलो. त्यानं काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकांसाठी असतं ते स्टूल पुढे केलं. "बसा सर. काय दाखवू?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. मी काहीतरी मागायचं म्हणून चहाची गाळणी मागितली. त्यानं तीन प्रकारच्या दाखवल्या, कुठली टिकेल ते नीट सांगितलं, कागदात बांधून दिली. पुढच्या काही महिन्यांत आमच्या घरात सहा गाळण्या झाल्या. बायको म्हणाली, तुम्हाला झालंय काय? मी तिच्यावरच ओरडलो. 'चुकलो' एवढा एक शब्द काउंटरपलीकडे द्यायचा होता, आणि दर वेळी मी गाळणी घेऊन परत यायचो. माफी मागणं म्हणजे हरणं, असं माझ्या डोक्यात कुठेतरी पक्कं बसलेलं होतं. त्याची मुलगी पुढच्या वर्षी इतिहास सोडून कॉमर्सला गेली. मी तिला कारण विचारलं नाही.

काही वर्षांनी जुन्या हाडांमधून माणसांचा माग काढायचं शास्त्र पुढे गेलं आणि बातम्या येऊ लागल्या. युरोपच्या बऱ्याच भागांत पूर्वेच्या गवताळ प्रदेशातून खरोखरच माणसं आली होती, मोठ्या संख्येनं. मी कात्रणं घेऊन धावत दुकानात गेलो. मला वाटलं, आता तरी तो चिडेल, मशीन थांबवेल, दुष्काळ काढेल, साथ काढेल, लग्नाच्या पोरी काढेल.

त्यानं कात्रणं वाचली, घडी घालून परत दिली. "तुमचं खरं निघालं, सर," म्हणाला, आणि एका बाईला कढई दाखवायला वळला.

मी वाद जिंकलो होतो. स्टँडवर येऊन बाकड्यावर बसलो आणि लोक बघत असताना रडलो.

आलेली माणसं कशी आली, लढून की मिसळून, साथीनं आधीच रिकामी झालेली गावं त्यांना मिळाली का, कुठे कुठे तिथल्याच बायकांनी त्यांना मडकी घडवायला शिकवलं का, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. म्हणजे निम्मं त्याचंही खरं असेल. हे त्याला सांगायला मी दोन-तीनदा निघालोही. मग एका सकाळी दुकान उघडतानाच तो कोसळला आणि गेला.

दफनाला मी गेलो, मागे उभा राहिलो. चार दिवसांनी घरी भेटायला गेलो. मुलगी आता रसायनीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला आहे. तिनं पाणी दिलं, चहा दिला, समोर बसली. बापाला जो शब्द देऊ शकलो नाही तो मी तिच्यापुढे काढला. "त्या दिवशी वर्गात मी जे बोललो," मी म्हणालो, "ते फार वाईट बोललो. मी चुकलो, बाळ."

तिनं माझा रिकामा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला.

"टेंपोतून घरी येताना मी रडत होते," ती म्हणाली. "अब्बा म्हनाले, सरांचं मनावर घेऊ नको. मानूस हरायला लागला की तोंडाला येईल ते बोलतो. दोस्त हाय आपला."

मी मान खाली घातली.

"मी नाय घेतलं मनावर, सर," ती म्हणाली. "अब्बांनी घेतलं."