एस्तेरमावशीची जास्वंद

एस्तेरमावशी संध्याकाळच्या प्रार्थनेत देवाजवळ लोकांच्या चुगल्या करायची. दुसरा शब्दच नाही त्याला. दिवेलागणीला चटई टाकून आम्ही दोघी गुडघे टेकायचो. आधी आजारी माणसं, प्रवासातली माणसं, बोटीवर गेलेली माणसं होऊन जायची, आणि मग तिचा आवाज जरा खाली यायचा. "प्रभू, दूधवाल्याने आज परत पाणी घातलंन. प्रभू, शेजारच्या सुमतीने माझी कोंबडी खाल्लीन आणि वर मलाच विचारते, तुझी तांबडी दिसत नाही गो कुठे? तू बघून घे." नाव घेऊन, घराच्या खुणेसकट. मी एक डोळा उघडून बघायची, तर मावशीच्या तोंडावर अगदी समाधान. मी एकदा म्हटलं, मावशी, आपण क्षमा करायची असते ना? तर म्हणाली, "करायचीच. पण कसली केली ते देवाला कळायला नको?"

ही माझ्या आईची थोरली बहीण. मला जन्म देताना आई गेली. वडिलांनी मुंबईला दुसरं घर मांडलं आणि रत्नागिरीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. मला मावशीने वाढवलं. उंच, सावळी, पाठीचा कणा मोजपट्टीसारखा ताठ. मुलींच्या शाळेत ती शिवण शिकवायची आणि घरी आल्यावर लोकांचे ब्लाऊज शिवायची. शिवताना टाचण्या ओठांत धरलेल्या असायच्या, आणि तशाच तोंडाने ती मला पाढे विचारायची. चुकले की टाचण्या काढून ठेवायची. मग मला कळायचं की आता बोलणी बसणार.

मावशीचं लग्न ठरलं होतं. हे मला तिने कधी सांगितलं नाही, सांगितलं ते कोंबडी खाणाऱ्या सुमतीकाकूने. नवरा ठरला होता दाविदमास्तर. आमच्याच ख्रिस्ती मंडळीतला, शिकलेला, आवाज खणखणीत. सगळं ठरलं आणि आई गेली. मास्तर भेटायला आले ते म्हणाले, मूल बोर्डिंगात ठेवू, मिशनच्या बाया सांभाळतील, दुसऱ्याचं पोर घेऊन मी संसार सुरू करणार नाही. मी तेव्हा मावशीच्या मांडीवर होते, कापसाने दूध पीत होते. मावशीने मान वर न करता एवढंच म्हटलं, "चहा झालाय, तो घ्या नि निघा, मास्तर." मास्तर निघाले. चहा न घेताच निघाले, असं काकू म्हणायची.

पुढे मास्तरांचं लग्न झालं, मुलंबाळं झाली, ते मंडळीचे वडील झाले. वडील म्हणजे देवळातले पुढारी. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. पाळक, म्हणजे धर्मगुरू, दर काही वर्षांनी बदलायचे, मास्तर मात्र कायम. पाळकांपेक्षा त्यांचाच शब्द चालायचा. आणि त्यांना एक गोष्ट आयुष्यभर पचली नाही, की एका बाईने त्यांना एका तान्ह्या पोरीसाठी नाकारलं. हा माणूस दर वर्षी मे महिन्यात पुलपिटावर, प्रवचनाच्या उंच चौथऱ्यावर, उभा राहून सद्गुणी स्त्री कशी असावी ते आम्हाला सांगायचा. मी हे राग विझल्यावर लिहीत नाही आहे. तो विझलेला नाही.

मे महिन्यात आमच्याकडे आयांचा रविवार असायचा. मुंबईची माणसं सुटीला आलेली असत, बाक भरून जात. त्या दिवशी एक रीत होती. ज्याची आई जिवंत त्याने छातीवर लाल फूल लावायचं, ज्याची आई गेली त्याने पांढरं. लहान-थोर सगळ्यांनी. प्रवचन झालं की सगळ्या आयांना उभं करायचे आणि त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची. फुलं लागायची पुष्कळ, आणि ती यायची कुठून? मावशीच्या अंगणातून. आमच्या जांभ्या दगडाच्या गडग्याला लागून लाल जास्वंदीची रांग होती आणि विहिरीजवळ तगर. मे महिन्यात विहीर तळाला जायची, तरी मावशी आधी जास्वंदीला पाणी घालायची आणि मग अंघोळीचं बघायची. रविवारी पहाटे फुलं तोडून, टोपलीवर ओलं फडकं घालून देवळात नेऊन द्यायची. आयांचा मान तिच्या फुलांनी व्हायचा आणि ती स्वतः मागच्या बाकावर बसायची.

ऐंशी सालाच्या सुमाराची गोष्ट. मी सातेक वर्षांची असेन. दर वर्षी मास्तरीणबाई दारात उभ्या राहून मला पांढरं फूल टोचायच्या आणि वर "बिचारी" म्हणायच्या. त्या वर्षी मी घरीच मावशीला विचारलं, आई मेली म्हणून मला पांढरं, मग तू कोण? मावशी टोपली भरत होती. एक टपोरं लाल फूल उचललं, ओठांतली टाचणी काढली आणि माझ्या फ्रॉकला लावलं. मी देवळात गेले ती छाती पुढे काढूनच.

प्रवचन सुरू करायच्या आधी मास्तरांचं लक्ष गेलं. ते खाली उतरले, माझ्यासमोर आले, माझ्या फ्रॉकवरचं फूल काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवाच्या घरात खोटं लाल फूल चालायचं नाही." मग स्वतःच्या हाताने पांढरं लावलं. मी रडले नाही, कारण मावशी रडत नव्हती. पुढे आयांना उभं राहायला सांगितलं तेव्हा मावशी उठून उभी राहिली. पहिल्यांदाच. मास्तर पुलपिटावरून म्हणाले, "एस्तेरबाई, तुम्ही बसा." अख्ख्या देवळाने मागे वळून बघितलं. मावशीने पदर सारखा केला आणि ती बसली.

त्या संध्याकाळी मी गुडघे टेकून वाट बघत होते. आता मास्तरांचं नाव येणार, आता येणार. आजारी माणसं झाली, प्रवासातली झाली, दूधवाला झाला. आणि मावशीने आमेन म्हटलं. मी म्हटलं, मावशी, मास्तर राहिले. ती चटई गुंडाळत म्हणाली, "सगळंच काय देवावर टाकायचं गो? थोडं आपणही ठेवावं." तेव्हा मला ते कळलं नाही. पुढे कळलं, आणि माझ्या मावशीला लोक देवभोळी म्हणत तेव्हा मला मनातल्या मनात हसू यायचं.

वर्षं गेली. दर मे महिन्यात मावशी फुलं द्यायची, आया उभ्या राहायच्या, मावशी बसायची, मला पांढरं फूल टोचलं जायचं. अशात एकदा ती पालीच्या बाजाराला गेली होती. कुणाचे तरी कपडे पोचवायचे होते. तिथे एका म्हातारीने तिचा हात धरला. रत्नागिरीची आहेस ना गो, माझा दाविद दिसतो काय तुला, बरा आहे ना तो? ती मास्तरांची आई होती, सगुणाआजी. मास्तरीणबाईंचं आणि तिचं पटत नव्हतं म्हणून मास्तरांनी तिला पालीला जुन्या घरी ठेवलं होतं. शेजारीण पेज आणून द्यायची तेवढाच आधार. मंडळीत मास्तर सांगायचे की आईला गावची हवा मानवते. आणि दर आयांच्या रविवारी कोटावर लाल फूल लावून उभे राहायचे.

मावशी पालीला जाऊ लागली. सुटीच्या दिवशी एसटीने हातखंब्यावरून आम्ही दोघी जायचो. ती आजीला न्हाऊ घालायची, केस विंचरायची, घावन करून गरम गरम खायला घालायची. आजीचं एकच चालायचं, माझा दाविद कामात असतो, नाहीतर आला असता. मावशी हो म्हणायची. मला वाटायचं, केवढी ही माया. माया होतीच, पण नुसती माया नव्हती. परतीच्या गाडीत मावशीचे ओठ असे मिटलेले असायचे की जणू त्यात टाचण्या आहेत.

तिने मास्तरांना आधी एकटं गाठून सांगितलं, हे मी मुद्दाम लिहिते. एकदा नव्हे, दोनदा सांगितलं, की आजीला घरी आणा, तिची नजर गेली आहे, चुलीशी एकटी असते. पहिल्यांदा मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा म्हणाले की बिनलग्नाच्या बाईने मला आईबद्दल शिकवू नये. मावशी घरी आली, शिवणयंत्रावर बसली आणि त्या दिवशीही प्रार्थनेत तिने मास्तरांचं नाव घेतलं नाही. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते आणि तिला ओळखून होते. म्हटलं, आता मास्तरांची धडगत नाही.

त्या मे महिन्यात मास्तरीणबाई मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला गेल्या होत्या. फुलं लावायला दारात कोण उभं राहणार? फुलं जिची तीच, असं पाळक म्हणाले. मावशी पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून, हातात टोपली घेऊन दारात उभी राहिली. येईल त्याला विचारायची, फूल लावायची. मला तिने लाल लावलं, न विचारता. मग मास्तर आले, कोट घालून, छाती पुढे करून. मावशीने टोपलीतून तगरीचं पांढरं फूल उचललं आणि त्यांच्या कोटाला टोचलं.

मास्तर दचकले. पांढरं फूल, म्हणजे आई मेली. मागची माणसं थांबली. मास्तर म्हणाले, "एस्तेरबाई, माझी आई जिवंत आहे."

"कधी बघितलीत?" मावशीने विचारलं.

मावशीचा आवाज चढला नव्हता. ब्लाऊजचं माप विचारावं तशी ती विचारत होती.

"गेल्या पावसाळ्यात तिची नजर गेली, मास्तर. मी जाते तेव्हा माझा हात चाचपते आणि विचारते, दाविद आलास? तिला मुलगा नाही आणि तुम्हाला आई नाही. देवाच्या घरात खोटं लाल फूल चालायचं नाही. तुम्हीच सांगितलंत."

मास्तरांचा हात त्या फुलापर्यंत गेला आणि तसाच खाली आला. त्या दिवशी त्यांनी पांढरं फूल लावूनच प्रवचन केलं, सद्गुणी स्त्रीवरच, आणि मध्येच दोनदा अडखळले. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. प्रवचनानंतर पाळकांनी आयांना उभं राहायला सांगितलं. मावशी उभी राहिली. मी मास्तरांकडे टक लावून बघत होते. ते पायांकडे बघत बसले होते.

त्या संध्याकाळी मावशीने प्रार्थनेच्या शेवटी अखेर त्यांचं नाव घेतलं. म्हणाली, "प्रभू, दाविदमास्तरांचं माझ्यापुरतं मी बघून घेतलं. तुझं काही राहिलं असेल तर तू बघ." आणि रात्री तिने मला आवडतो म्हणून कोलंबीभात केला.

मास्तरांनी आठवड्याच्या आत आईला रत्नागिरीला आणलं. शरमेने आणलं असेल, लोकलाजेने आणलं असेल. म्हातारीला त्याचं काय? ती मुलाच्या घरी, मुलाचा हात चाचपत राहिली, हे खरं. मावशी दर रविवारी देवळातून निघाली की तडक मास्तरांच्या घरी जायची, आजीचे केस विंचरलेत का बघायला. मास्तरीणबाई दार उघडून बाजूला व्हायच्या.

पुढे काही वर्षांनी आजी गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी मावशी गेली, गणपतीच्या आधी, काविळीने. शेवटी शेवटी तिला फार बोलवत नव्हतं. मला जवळ खुणावून एवढंच म्हणाली, जास्वंदीला पाणी घाल, मेमध्ये फुलं लागतील. स्वर्गाबद्दल काही बोलेल असं मला वाटलं होतं, पण नाही. मातीच्या वेळी मास्तरांनी मंडळीच्या वतीने चार शब्द वाचले. कुमारी एस्तेर, शिवणशिक्षिका, मंडळीच्या विश्वासू सभासद, बहिणीच्या मुलीचा सांभाळ केला. सांभाळ केला! शेजाऱ्याची शेळी सांभाळावी तसा. मी तिथे काही बोलले नाही आणि त्या संध्याकाळी एकटीने प्रार्थनेला बसले तेव्हा देवालाही सांगितलं नाही. मावशीनेच शिकवलं होतं.

पुढच्या वर्षी उन्हाळाभर मी जास्वंदीला पाणी घातलं. आयांच्या रविवारी पहाटे फुलं तोडली, टोपली देवळात नेली, आणि स्वतःच्या साडीला सगळ्यांत टपोरं लाल फूल लावून पहिल्या बाकावर, पुलपिटासमोर जाऊन बसले. मागे कुजबुज सुरू झाली. मास्तर आता थकले होते, कोटावर पांढरं फूल होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नजर वळवली, परत बघितलं. मी हलले नाही. लोक त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी केलेला नियम, त्यांनाच पाळायला हवा होता. शेवटी ते खाली उतरून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "दया, ते फूल काढ."

मी उभी राहिले. म्हटलं, "का काढू, मास्तर?"

त्यांनी लोकांकडे बघितलं. मला कसली घाई नव्हती.

"तुझी आई गेली," ते पुटपुटले.

"मास्तर, मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं नाही." मागचा बाक म्हणजे मावशीचा बाक, हे त्यांनाही माहीत होतं.

मास्तरांनी डोळे मिटले, उघडले, आणि त्या खणखणीत आवाजात, जो आवाज अजून तसाच होता, म्हणाले, "एस्तेरबाई गेल्या. दयाची आई गेली."

मग मी लाल फूल काढलं. टोपलीतून पांढरं घेतलं, स्वतःच्या हाताने लावलं आणि खाली बसले. मास्तरांना माफ केलं की नाही, असं मला लोक विचारतात. त्यांनी ते मावशीच्या देखत म्हटलं असतं तर विचार केला असता.

संध्याकाळी चटई टाकून मी गुडघे टेकले. आजारी माणसं झाली, प्रवासातली झाली. मग आवाज खाली आणून मी म्हटलं, "प्रभू, मावशी तिथेच असेल. तिला सांग, मास्तर बोलले. मोठ्याने बोलले."