पावसाळ्यात हप्ता दोन हजार

"खोटं लिवू नका वकीलबाई, पण कमीपणाचं बी लिवू नका," सुखदेवमामा म्हणाले.

शेजारच्या खुर्चीतून कमलमामी म्हणाल्या, "काय बी लिवा. ह्यांना जेलात जाऊ देऊ नका म्हंजे झालं."

टेबलावर पुण्याच्या एका वकिलांची नोटीस होती. मामा छावणी भागातल्या लग्नाच्या बँडचे मास्टर. माझ्या लग्नात त्यांचाच बँड होता, त्यामुळे फीचा विषय मी काढलाच नाही. मामांनी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून ट्रंपेट, युफोनियम आणि दिव्यांची गाडी उधारीवर घेतली होती. पहिला सीझन हप्ते नीट गेले. दुसऱ्या सीझनला ऐन एप्रिलमध्ये मामांना न्यूमोनिया झाला. बँडमास्टरलाच फुंकता येईना, म्हटल्यावर ठरलेली लग्नं दुसऱ्या बँडकडे गेली. हप्ते थांबले. व्यापाऱ्यानं मामांनी आधीच सही करून दिलेल्या चेकांपैकी एक बँकेत टाकला. तो बाउन्स झाला.

असा चेक बाउन्स झाला की समोरचा वकील नोटीस पाठवतो. नोटीस हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम दिली नाही, तर फौजदारी केस करता येते. नोटिशीत सगळीच उधारी मागितली होती, दोन लाख चाळीस हजार, वर व्याज. पण केसची भीती होती ती चाळीस हजारांच्या त्या एका चेकची. तेवढे आधी भरायचे, मग बाकीच्यावर बोलायचं, असं मी सांगितलं.

"चाळीस कुठून आणायचे?" मामा म्हणाले.

"माझी भिशी लागलीय," मामी म्हणाल्या.

मामा त्यांच्याकडे वळले. "ती पत्र्यांसाठी व्हती ना? लई गळतंय घर."

"गळू द्या. बादली ठिवू."

मामांनी खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मी उगाच फाइलमध्ये कागद शोधत बसले.

मग पुण्याच्या वकिलांना पत्र लिहायला घेतलं. वर मोठ्या अक्षरांत 'विदाउट प्रेज्युडिस' टाकलं. म्हणजे हे तडजोडीचं बोलणं आहे, उद्या कोर्टात आमच्याविरुद्ध वापरायचं नाही. मामा मान हलवून म्हणाले, "आता लिवा, बाकीचे सा महिन्यात देतो."

"कसे देणार?"

"देतो म्हंलं की देतो. शब्द हाय माझा."

"मामा, पत्रात लिहिलेला हप्ता चुकला की पुढच्या पत्राला कुणी विचारत नाही. कोणत्या महिन्यात किती मिळतात ते सांगा."

मामा छताकडे बघायला लागले. हिशेब मामींनी सांगितला. लग्नाचे सहा महिने बरे. बाकीचे सहा महिने पोरं दुसरीकडे मजुरीला जातात, मामा घरी वाद्यं पॉलिश करतात. मी तसंच मांडलं. लग्नाच्या महिन्यांत पंधरा हजार, बाकीच्या महिन्यांत दोन हजार. दोन वर्षांत दोन लाख फिटत होते. व्याज माफ करावं आणि उरलेले चेक परत द्यावेत, अशी विनंती. सोबत आजारपणाच्या कागदांची आणि पुढच्या सीझनच्या बुकिंगची झेरॉक्स. चाळीस हजार भरल्याची पावती सगळ्यात वर.

चार-पाच दिवसांनी पुण्याच्या वकिलांचा फोन आला.

"मॅडम, पावसाळ्यात दोन हजार? चेष्टा करताय का?"

"सर, पावसाळ्यात तुमच्याकडे लग्नं होतात का?"

"माझा क्लायंट वाद्यं उचलून आणायचं म्हणतोय."

"आणू देत. जुन्या ट्रंपेटला गिऱ्हाईक कोण? आणि वाद्यं गेल्यावर मामा हप्ता कशावर भरणार?"

"क्लायंटशी बोलतो," म्हणाले.

त्यांनी व्याज सोडलं. चेक मात्र सोडले नाहीत. शेवटी असं ठरलं की चेक त्यांच्याकडे राहतील, पण सलग दोन हप्ते चुकल्याशिवाय बँकेत टाकायचे नाहीत. नोटिशीचा खर्च आमच्या माथी आला. तोही मी हप्त्यात बसवून घेतला. मामांना ते जरा लागलं. "आपण चुकलो व्हय? आजारी पडलो," म्हणाले. मामींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि सही कुठे करायची ते मला विचारलं.

हप्ता गेला की मामी मला मोबाइलवर पावती पाठवायच्या, खाली हात जोडल्याचं चित्र. एकदा गणपतीत चार कामं जास्त मिळाली, तर मामा पाच हजार पाठवायला निघाले होते. मामींनी दोनच पाठवू दिले आणि तीन हजारांचे पत्रे आणले.

शेवटचा हप्ता वेळेवर गेला. उरलेले चेक आणि 'येणं बाकी नाही' असं पत्र कुरिअरनं आलं. मामा पेढे घेऊन आले, बराच वेळ बसले.

दुसऱ्याच आठवड्यात मामींचा फोन. "वकीलबाई, ह्यांना एक नोटीस पाठवा."

"का हो?"

"पुण्याला फोन लावून सॅक्सोफोनचा भाव इचारायलेत. तो व्यापारी उधारीवर द्यायला तयार हाय म्हणं!"

तडजोडीच्या पत्रात झेपेल तेवढंच कबूल करावं, हे मी ज्युनिअर्सना नेहमी सांगते. आता त्यात भर घातली आहे: अशिलाच्या बायकोचा नंबर आधी घ्यावा.