आवाज थांबला तेव्हा

बातमी मला कुणी आणून दिली नाही. मी घरातच होते. आमचे मालक गिरणीतली रातपाळी करून सकाळी आले, चहा घेऊन बाजेवर पडले. मी दाराशी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होते. त्यांचं घोरणं नेहमीसारखं चाललं होतं, मग ते थांबलं. खरं तेच लिहिते, मला बरं वाटलं. गल्लीतल्या पोरांनी उठवू नये म्हणून मी दारही ओढून घेतलं... दुपारच्या भोंग्याला जेवायला उठवायला गेले, तेव्हा हात गार होता. त्याला आता सात आठवडे झाले.

सगळी उमर त्यांनी सोलापुरात गिरणीच्या मागावर काढली. दुष्काळ सरून पोटभर खायला मिळू लागल्यावर अंग सुटलं, मान जाड झाली आणि घोरणंही वाढलं. शेजारची नरसम्मा भिंतीपलीकडून म्हणायची, "अक्का, गिरणीतला माग घरी आणला की काय?" मालक हसायचे, मीही हसायची. दमलेला माणूस घोरतो, घोरतो म्हणजे गाढ झोपतो, एवढीच आमची समज. त्या घोरण्यात मधेच खंड पडायचा. छाती धडपडायची, पण श्वास यायचा नाही... मग गचका बसून परत सुरू. हे मी रोज बघत होते. परत सुरू झालं की मलाच वैताग यायचा.

इतकं झोपूनही माणूस ताजा नसायचा. उठल्या उठल्या डोकं धरायचे. चहाची बशी हातात धरून पेंगायचे. संक्रांतीला पंगतीत घास हातात राहिला आणि डोळे मिटले, तेव्हा मी चारचौघांत त्यांना आळशी म्हटलं. त्यानंतर एकदा ते म्हणाले, "झोपंत कुणी नरडं दाबतंय असं वाटतंय बघ. दवाखान्यात दाखवू का?"

"घोरतंय म्हणून कोण दवाखान्यात जातंय व्हय? तंबाखू कमी करा आन् कुशीवर झोपा की."

दवाखान्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मी त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरनं सगळं खोदून विचारलं. म्हणाला, नुसतं घोरणं निराळं. पण घोरताना श्वास अडतो, गुदमरून जाग येते, दिवसा पेंग येते, अशा माणसाला दाखवायलाच हवं. झोपेत घशातली वाट मिटते, त्याचा ताण काळजावर येतो. "वाचलेच असते असं नाही सांगत, मावशी. पण आणायला पाहिजे होतं." मी विचारलं, त्या सकाळी मी हलवलं असतं तर? तो मान खाली घालून लिहीत राहिला.

मागावरच्या माणसाला पहिली गोष्ट शिकवतात. खटखट चालू आहे तोवर बघू नकोस, थांबली की धाव, धागा तुटलेला असतो. माझ्या बापाचा माग होता, हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. आणि माझ्याच घरात आवाज थांबला, तेव्हा मी दार ओढून घेतलं.

बाज तिथंच आहे. ती मी कुणाला हलवू देत नाही. नरसम्माच्या घरात यंत्रमाग आहे, तो दिवसभर चालतो. तो थांबला की माझ्या हातातली कांडी गळते आणि मी बाजेपाशी जाऊन उभी राहते. तिकडं नरसम्मा तुटलेला धागा जोडते... तिचा माग पुन्हा चालू होतो.