ग्रंथपालांचा वस्तरा

गल्लीत त्याला 'दवंडी' म्हणत आणि ते नाव त्याने कष्टाने कमावलं होतं. धंद्याने न्हावी. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, हे गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लागेपर्यंत त्याला कळलेलं असे आणि फेस पुसेपर्यंत बाकावरच्या सगळ्यांना. तोंडात तीळ भिजायचा नाही. हात मात्र इतका हलका, की दाढी होता होता माणसं घोरायला लागत.

एका सकाळी ग्रंथपाल आले. एरवी घरीच दाढी करणारा माणूस. पण जिन्यावरून पडून उजवा हात प्लास्टरमध्ये गेला होता. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला वस्तरा काढला.

"याने करा."

"माझ्या वस्तऱ्याला काय धाड भरलीय साहेब? ब्लेड नवं टाकतो की."

"तरी यानेच करा."

बाकावर हशा पिकला. दवंडीला झोंबलं. वीस वर्षांत त्याच्या हत्यारांना कोणी नाक मुरडलं नव्हतं. "उद्या पाणीपण घरनं आणा," असं पुटपुटत त्याने फेस केला.

वस्तऱ्यावरचा फेस कागदाला पुसावा हे त्याला कळत होतं, पण खोड जुनी. तो डाव्या अंगठ्याच्या बुडाशीच पुसायचा. स्वतःच्या वस्तऱ्याचं वजन हाताला पाठ होतं, म्हणून कधी ओरखडाही उठला नव्हता. हा वस्तरा परका आणि मुठीला जड. जबड्याखालची एक पुटकुळी कापली गेली, फेस लाल झाला आणि तो पुसताना पातं त्याच्याच अंगठ्यात घुसलं. त्याने तुरटीचा खडा ग्रंथपालांच्या जखमेवर फिरवला आणि लगेच तोच आपल्या अंगठ्यावर. ग्रंथपालांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, बाकाकडे पाहिलं आणि पैसे ठेवून निघून गेले.

पाऊण तासाने ते धापा टाकत परत आले. दवंडी अजून काम थांबवून अंगठ्याला चिंधी बांधत बसला होता. त्याला ते दुकानामागच्या बोळात घेऊन गेले.

"माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे," ते म्हणाले. "काविळीचाच प्रकार. रक्तातून लागतो, यकृत खराब करतो. बायकोशिवाय कोणाला माहीत नाही. ती तुरटी फेकून द्या, दुसऱ्या कोणाला लावू नका. हात साबणाने धुवा आणि आत्ता दवाखान्यात चला. पहिल्या दिवसातच इंजेक्शन घेतलं तर बहुतेक वेळा वाचता येतं."

"मघाशी का नाही बोललात?"

"धीर झाला नाही."

दवंडी शिवी हासडणार होता. पण एकदम त्याच्या ध्यानात आलं की समोरच्या माणसाने हे सगळं कोणाला सांगितलंय. अख्ख्या गल्लीच्या तोंडाला. गप्प बसला असता तर त्याला कोण विचारणार होतं? शिवी जागच्या जागी जिरली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन इंजेक्शनं दिली, पुढच्या डोसांच्या तारखा लिहून दिल्या. सहा महिन्यांनी शेवटची तपासणी. तोवर खात्री नाही. दवंडीच्या बायकोलाही लस टोचून घ्यायला सांगितलं.

"कोण होता तो मेला?" बायकोने विचारलं.

"गिऱ्हाईक."

"त्याला नाव नाही?"

"नाही."

ती दोन दिवस बोलली नाही. मग रोज सकाळी उजेडात नेऊन त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा बघायला लागली. बाकावरच्यांनी खोदून खोदून विचारलं, दवाखान्याच्या खेपा कशाला? "अंगठा कापला," एवढंच तो सांगे. गोष्ट कितीदा जिभेच्या टोकावर आली. तेव्हा तो आत जाऊन उगाच वस्तरे उकळत बसे. आजवरच्या बातम्या त्याला फुकट मिळाल्या होत्या. ही एका माणसाने आपली अब्रू त्याच्या हाती देऊन दिली होती. त्या हिमतीपुढे आपण फार लहान आहोत असं त्याला वाटायचं.

सहा महिन्यांनी तपासणी स्वच्छ आली. बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. तिला घरी सोडून तो तडक ग्रंथालयात गेला. आयुष्यात पहिल्यांदाच. पुस्तकांच्या मांडण्यांमधून दबकत टेबलापाशी पोचला.

"साहेब, काही नाही निघालं."

ग्रंथपालांनी डोळे मिटले. मग विचारलं, "आणि लोकांना...?"

"कोणाला नाही. घरीपण नाही."

त्यांनी खण उघडून एक पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. आत राजीनामा होता, तारीख अंगठा कापला त्या दिवसाची.

"त्या दिवशी इथे येऊन आधी हे डाव्या हाताने लिहिलं," ते म्हणाले. "मग तुमच्याकडे आलो. लोकांना कळल्यावर माझ्या हातून पुस्तक कोणी घेतलं नसतं. लागत नाही तसं, पण घेतलं नसतं."

न्हाव्याने तो कागद दोनदा वाचला. मग नीट घडी करून त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो फाडेपर्यंत तिथेच उभा राहिला.