उजवा गुडघा

रोह्यात एलियास रोहेकरांइतक्या सफाईनं बकऱ्याचा सांधा उघडणारा दुसरा माणूस नव्हता. मागच्या मांडीतली शीर त्यांच्या ज्यू धर्माला वर्ज्य. ती काढता काढता हाताला वळण लागलेलं. एके काळी त्यांनी कापलेलं मटण गावातल्या सगळ्या बेने इस्रायल घरांत शिजायचं. एकेक घर इस्रायलला गेलं, आता तीन उरली. अडुसष्टाव्या वर्षी एलियास एका खाटकाच्या दुकानात हात चालवत आणि दुपारी घरी येऊन भिंतीला टेकून बसत. कंटाळा आला असं म्हणायचाही त्यांना कंटाळा यायचा.

घरात बायको, लीया. तिच्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजून हाडावर हाड घासत होतं. मुलगा आरोन इस्रायलमधल्या अश्दोदहून सारखा बोलावी. लीयाचं उत्तर ठरलेलं. "चाकाच्या खुर्चीत बसून नाय जायची. माझ्या पायानं चालत जाईन, नायतर हितंच मरेन."

१९९६ साली एलियासांची भाची तामार मुंबईच्या एका प्रयोगशाळेत लागली. दर महिन्याला एका रविवारी ती मामाकडून बकऱ्याचा ताजा गुडघा बर्फाच्या डब्यात घालून नेऊ लागली. कशाला, तेही तिनं पहिल्याच खेपेला समजावलं. कूर्चेच्या पेशी बशीत नुसत्या वाढवल्या तर त्या पसरट होतात आणि कूर्चा बनवायचं विसरतात. नळीच्या हाडातल्या मगजात मूळपेशी असतात, त्यांच्या सोबतीनं वाढवल्या तर आपलं काम धरून राहतात.

"एकट्या पडल्या का इसरतात?" लीया म्हणाली. "आपल्यासारखंच हाय की."

"यातून कधीतरी माणसाचा गुडघा दुरुस्त करता येईल, मामी."

यातलं 'कधीतरी' एलियासांच्या कानात शिरलंच नाही. त्या दिवसापासून त्यांनी भाचीला फक्त उजवा गुडघा दिला, तोही शेळीचा. बाईमाणसाला बोकडाचा कसा चालेल? दुकानात तर सगळे बोकडच. मग हा शहाणा माणूस शेळी कुठं कापतायत याचा पत्ता काढत कधी कासूला, कधी पार पेणला जायचा, तेही स्वतःच्या दुखऱ्या कमरेनिशी. घरी येऊन आडवा पडायचा, पण लीयाला कशासाठी हिंडतो ते सांगायचा नाही.

जवळजवळ दोन वर्षं अशी गेली. एका रविवारी तामारनं विचारलं, "मामा, मी वही काढून बघितली. बावीस गुडघे, सगळे उजवे, सगळे शेळीचे. असं का?"

एलियास सुरी पुसत म्हणाले, "लीयाचा उजवाच हाय ना, गो. डावा कसा बसंल?"

तामारनं बर्फाचा डबा खाली ठेवला. मग तिनं सांगितलं. शेळीच्या पेशी माणसाच्या गुडघ्यात घालायच्या नसतात. आधी हे सगळं बकऱ्यांवरच करून बघायचं. माणसापर्यंत यायला दहा वर्षं लागतील, कदाचित पंधरा. "मामीसाठी यात काही नाही, मामा. मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं."

एलियासांना राग आला नाही. दोन वर्षांची पायपीट मात्र एकदम अंगावर आली, आणि ते भिंतीला टेकून बसले. आतल्या खाटेवर लीया जागी होती. तिनं सारं ऐकलं होतं.

मग एलियास म्हणाले, "मंग आता डावा चालंल? बोकडाचा?"

"चालेल, मामा."

"मंग बरं. बोकड हितंच मिळतो."

"आता पुरे झालं बोकड न् शेळी," आतून लीयाचा आवाज आला. "तामार, तू जेवून जा, वालाचं बिरडं केलंय. आणि तुमी आरोनला चिठ्ठी लिवा. म्हणावं, आई येते. विमानाजवळ खुर्ची तयार ठेव."

एलियासांनी पुसलेली सुरी पुन्हा धुवायला घेतली, आणि मोरीवरच त्यांना रडू फुटलं.